मांडा आणि उपहार

उपहाराच्या पंगतीत मांडा आला की वृद्धसुद्धा सावरून बसतात. खानदेशात आखाजीला आमरसाबरोबर तो हवाच. आणि पंचकृष्णांस उपहार अर्पण करावयाचा म्हटले म्हणजे तेथील वासनिकांच्या मनात प्रथम मांड्याचाच विचार येतो.

हा पदार्थ नवा नव्हे. चालुक्य नृपती तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ ग्रंथात, म्हणजे इ. स. ११२९ च्या सुमारास, मंडकाचे वर्णन आले आहे. आज खानदेशात गहू ओलवून दळतात, पीठ वस्त्रातून चाळतात, कणीक तार सुटेपर्यंत मळतात. तीत हरभऱ्याची डाळ व गूळ यांचे पुरण भरून तो उंडा हातांवर झेलीत झेलीत परातीएवढा करतात आणि चुलीवर पालथ्या घातलेल्या मातीच्या खापरावर टाकतात. एकटीचे हे काम नव्हे. एक जाळ पाहते, एक उंडे भरते, एक झेलते. शेजारणी आल्यावाचून सणाचे मांडे उरकत नाहीत, आणि त्याच्या मंगलत्वाचे मूळ मला येथेच दिसते.

काही प्रवचनकार मात्र निराळा दृष्टांत देतात. वरची पारी म्हणजे देह आणि आतले पुरण म्हणजे परमेश्वर! ऐकावयास हे गोड आहे, परंतु आपल्या शास्त्रास मानवत नाही. जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चारही पदार्थ अनादी व परस्परांहून भिन्न होत. परमेश्वर जीवाच्या ठायी पुरणासारखा भरलेला नाही. तो कृपावश होऊन अवतार धारण करतो, सन्निधान देतो, तेव्हाच जीवाच्या सोडवणुकीचा मार्ग खुला होतो. बालबोधासाठीसुद्धा हा दृष्टांत योजू नये, असे माझे मत आहे.

दुसऱ्यांचे दोष काढतो आहे, तर स्वतःचाही सांगतो. एका वर्षी उपहारानंतरच्या निरूपणात मी मांड्यांची मुक्तकंठाने स्तुती केली. त्यात जिव्हेचा भाग किती आणि सेवेच्या गौरवाचा किती, हे तेव्हा तपासले नाही. पुढील वर्षी एका शेतमजूर वासनिकाने व्याजाने पैसे काढून साऱ्या पंगतीला मांडे केले. त्याच्या वृद्ध मातेने हे मला सांगितले. तक्रार म्हणून नव्हे, अभिमानाने. हातातला घास हातातच राहिला.

भागवताच्या दशम स्कंधात श्रीकृष्ण चक्रवर्तींच्या भेटीस निघालेल्या दरिद्री ब्राह्मणाची कथा आहे. घरात काही नव्हते. त्याच्या पत्नीने चार मुठी पोहे मागून आणले आणि फडक्यात बांधून दिले. तिने ऋण काढले नाही, हे मी पूर्वी वाचूनही पाहिले नव्हते. द्वारकेचे वैभव पाहून तो लाजला, पुरचुंडी पुढे करीना. शेवटी श्रीकृष्णांनीच ती ओढून घेतली. त्या पोह्यांत ना तूप होते ना गूळ.

आपल्या भिक्षूच्या झोळीत तरी काय निराळे घडते? अटन, विजन, भिक्षा, भोजन असा ज्याचा दिनक्रम, त्याच्या झोळीत एका दारचा मांडा आणि दुसऱ्या दारची शिळी भाकरी एकत्र पडतात. मांडा वेगळा काढून ठेवावा असे वाटले, तर ती भिक्षा राहिली नाही. झोळीच्या बाबतीत हे मला ठाऊक होते. उपहाराच्या बाबतीत त्या मातेमुळे कळले.

त्यानंतरच्या निरूपणात मी माझी चूक भर सभेत सांगितली. त्याच्या पुढल्या वर्षी तो वासनिक आला. ‘दंडवत प्रणाम बाबा’ म्हणून थोडा घुटमळला. मागे त्याची माता होती. तिने पदराआडून फडके काढले. आत ज्वारीच्या भाकरी होत्या, अजून ऊन. त्या दिवशी कोणाच्या घरून मांडेही आले होते. दोन्ही एकाच ताटात वाढून उपहार झाला.