सर कोण होते?

ओहोटी लागली की अलिबागच्या किनाऱ्यावरून कुलाबा किल्ल्यापर्यंत पायी जाता येते. त्याच घट्ट, ओल्या वाळूवर पोरे चार चपलांचे दोन गोल मांडून फुटबॉल खेळतात. काठावर पालक उन्हाळी शिबिराचा फलक वाचत उभे असतात. पहिला प्रश्न ठरलेला : "सर कोण? टीव्हीवर दिसलेत का कधी?" सर काय शिकवतात, हा प्रश्न शेवटी येतो, आलाच तर.

या मोजपट्टीवर फुटबॉलपटू अराता इझुमी कुठे बसतील? जन्म १९८२ चा, जपानमधल्या शिमोनोसेकीचा. आई जपानी, वडील भारतीय. महिंद्र युनायटेड आणि पुणे एफसीकडून ते खेळले. आपला कायदा दुहेरी नागरिकत्व मानत नाही, म्हणून भारताकडून खेळण्यासाठी त्यांनी जपानचे नागरिकत्व सोडले आणि २०१३ मध्ये आपल्या संघातून मैदानात उतरले. यात कारकिर्दीचा हिशेब असेलही, असू द्या. पुढे नवी मुंबईत रिलायन्स फाउंडेशन यंग चॅम्प्सच्या मुलांना ते शिकवू लागले. आपल्या किनाऱ्यावर त्यांना किती जण ओळखतील? आणि ओळखले नाही, म्हणून त्यांचे शिकवणे उणे ठरते का?

"पण मोठे न खेळलेला माणूस मोठे काय शिकवणार?" शंका रास्त आहे. सचिन तेंडुलकरचे क्रिकेट-गुरू रमाकांत आचरेकर प्रथम श्रेणीचा एकच सामना खेळले होते. ते यष्टीवर एक रुपयाचे नाणे ठेवत. सचिनला बाद करील त्याचे ते नाणे. कोणालाच जमले नाही तर सचिनचे. स्कूटरवर मागे बसवून त्याला या मैदानावरून त्या मैदानावर नेत. यातून आपण उचलले काय? थोबाडीत. स्वतःचा सामना सोडून तो वानखेडेवर मोठ्यांचा सामना पाहायला गेला, म्हणून सरांनी मारली. ही आठवण सचिननेच सांगितलेली. आता ती व्रतकथेसारखी वाचली जाते. मार खाऊन खेळच सोडून दिलेली पोरे त्या कथेत नसतात. फळलेल्या नवसांची तेवढी नोंद ठेवायची, तसाच हा प्रकार.

प्रसिद्धीच्या या भक्तीला आणखी एक काळी बाजू आहे. गुरुपौर्णिमेला ज्यांची पाद्यपूजा केली, त्यांच्याबद्दल मुलगी "मला तिथे जायचं नाही" म्हणाली, की घरातून उत्तर येते, "एवढे मोठे सर! तुझंच काही चुकलं असेल." २०१२ चा पॉक्सो कायदा गुरूला वेगळा पाट मांडत नाही. उलट विश्वासाच्या जागेवर बसून अत्याचार करणाऱ्याला तो अधिक कडक शिक्षा सांगतो. कायद्याला जे कळले, ते आपल्या घरांना का कळू नये?

परवा अशाच एका शिबिरात नातवाचे नाव घालायला आलेल्या आजीने विचारले, "पोराला मधी पाणी प्यायला सोडता ना? आणि पाय मुरगळला तर कोण बघतो?" फलकावरचे नाव तिला वाचता येत नव्हते. आयोजकाने मोबाइल काढला आणि तिला सरांचे फोटो दाखवू लागला.