स्वेच्छेनें घेतलेले कष्ट

कष्टाचा मार्ग टाळतां येण्यासारखा असतां जो मनुष्य तोच मुद्दाम पत्करतो, त्याच्या कष्टांस कांहीं मोल आहे काय? हा प्रश्न वरवर पाहतां हलका वाटेल. परंतु पोटासाठीं ज्यांस रोज डोक्यावर ओझें घेऊन चढ चढावा लागतो, त्यांस तो हलका वाटणार नाहीं. म्हणून आल्प्स पर्वतांतील एका खिंडीचें उदाहरण घेऊन आम्ही त्याचा थोडा विचार करूं इच्छितों.

स्वित्झर्लंडमधील मार्तिन्यी हें गांव आणि इटलींतील आओस्ता हें नगर यांच्यामधें ग्रेट सेंट बर्नार्ड नांवाची खिंड आहे. तिची उंची २,४६९ मीटर. मार्तिन्यीहून निघणाऱ्यास सुमारें २,००० मीटर चढून जावें लागतें, आणि वर्षाचा अर्ध्याहून अधिक काळ माथ्यावरील रस्ता बर्फाखालीं बुजलेला असतो. १९६४ सालीं डोंगराच्या पोटांतून सुमारें ६ किलोमीटर लांबीचा बोगदा खुला झाला. तेव्हांपासून पलीकडे जाणाऱ्या मोटारीस माथा चढण्याची गरज उरली नाहीं. तरीहि उन्हाळा आला कीं, पाठीवर पडशी घेतलेले वाटसरू आणि सायकलस्वार वळणामागून वळण चढत, घामाघूम होऊन खिंडींत येतात. त्यांपैकीं बहुतेकांस पलीकडे कांहीं विकावयाचें नसतें, कीं कोणाचा निरोप पोंचवावयाचा नसतो. मग हा खटाटोप कशाला, असें कोणी विचारल्यास तो प्रश्न योग्यच होय.

पूर्वीं या वाटेनें हौसेनें जाणारे विरळाच. व्यापारी, यात्रेकरू, शिपाई हे सर्व गरजेपोटीं जात, आणि कित्येक बर्फांत गाडले जात. इ. स. १०५० च्या सुमारास आओस्ता येथील बर्नार्ड नांवाच्या धर्माधिकाऱ्यानें खिंडीच्या माथ्यावर एक आश्रयगृह स्थापिलें. तेथील मठवासी बंधु वादळांत वाट चुकलेल्यांस शोधावयास बाहेर पडत. पुढें त्यांच्या सोबतीस मोठे कुत्रे आले. त्यांतील बॅरी नांवाच्या कुत्र्यानें (१८०० ते १८१४) चाळीसांहून अधिक माणसें वाचविलीं असें सांगतात.

याच वाटेनें मे १८०० मध्यें नेपोलियननें आपलें सुमारें ४०,००० सैन्य इटलींत उतरविलें. तोफा गाड्यांवरून काढून, पोखरलेल्या ओंडक्यांत घालून, दोरखंडांनीं वर ओढाव्या लागल्या. खिंडीखालच्या बूर-सें-प्येर या गांवच्या लोकांनीं त्यासाठीं आपलीं झाडें, आपलीं खेचरें आणि आपलें अंगबळ दिलें. चित्रकार दाविद यानें नेपोलियनास उसळत्या घोड्यावर दाखविलें आहे. वस्तुतः तो खेचरावर बसून गेला. ओढणाऱ्यांची नांवें कोण सांगणार? गांवास सर्व भरपाई करून देण्याचें वचन त्यानें दिलें होतें. परंतु पुरती रक्कम कधींच मिळाली नाहीं. अखेर १९८४ सालीं फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष मितराँ यांनीं एक प्रतीकात्मक भेट देऊन त्या जुन्या ऋणाची कबुली दिली.

आतां पाहा: चढ एकच, घाम एकसारखाच, पण चढणारे सारखे नव्हेत. दोर ओढणाऱ्या गांवकऱ्यास "पुरे झालें" म्हणण्याची मोकळीक नव्हती. सायकलस्वारास ती पावलोपावलीं असते. आभाळ काळें झालें तर तो मागें वळतो, आणि त्याची भाकर बुडत नाहीं. तेव्हां आपल्या घामाची जो त्या घामाशीं बरोबरी करील, तो स्वतःस फसवील. नुसतें कष्ट हें पुण्य नव्हे. किती तासांत चढलों याची फुशारकी मारण्यापलीकडे ज्याला कांहीं लाभलें नाहीं, त्यानें बोगद्यानें गेल्यास विशेष हानि झाली नसती.

तथापि स्वेच्छेचें कष्ट अगदींच निष्फळ आहेत असेंहि आम्हांस वाटत नाहीं. बोगद्यानें जाणाऱ्यास दोन खोरीं म्हणजे दोन दिवे, एक आंत शिरतांना आणि एक बाहेर पडतांना. जो पायांनीं चढतो, त्यास शेवटचें गांव कोठें संपलें, लांकूडफांटा कोठें सरला, पाणी कोठून आणावें लागतें, हें सर्व आपल्या शरीरानें कळतें. थंडीनें बोटें बधिर झाल्यावर दार उघडें मिळणें म्हणजे काय, हें त्यास कोणी समजावून सांगावें लागत नाहीं. तें आश्रयगृह अद्याप उघडें आहे; हिंवाळ्यांत तेथें केवळ बर्फ तुडवीत किंवा पायांस स्की लावून जातां येतें. तेथें टेंकलेल्या थकलेल्या मनुष्याला, नऊशें वर्षें त्या दारांत पडलेल्या निराधारांचें दुःख घटकाभर तरी आपलें वाटूं शकतें. हेंच त्या कष्टांचें मोल, आणि तें खालीं उतरल्यावर ठरतें. उतरल्यावर तो हमालाशीं पैशापैशासाठीं हुज्जत घालतो काय? मागें राहिलेल्या सोबत्यासाठीं थांबतो काय?

ही कसोटी केवळ डोंगर चढणाऱ्यांसच लागू आहे असें नव्हे. जो उपास करतो, जो गाडी असतां पायीं जातो, जो सुखवस्तु असून साधें राहतो, त्या सर्वांनीं ती आपणांस लावून पाहावी. आणि ज्यांच्या खांद्यांवरून आपलें ओझें वर आलें, त्यांचें देणें एकशें चौऱ्यांशीं वर्षें थकूं न देतां, त्याच दिवशीं सायंकाळीं फेडावें.