बंदीतून मोकळी झालेली वाट

हिवरे बाजारच्या डोंगराकडे सकाळी सायकल वळवली की इंजिनांचा गलका मागे पडतो आणि साखळीचा बारीक आवाजही ऐकू येतो. उतारावर एकाखाली एक सलग समतल चर, त्यांच्या काठावर गवताचे झुबके.

ही हिरवाई आपोआप आलेली नाही. अहिल्यानगर जिल्ह्यातलं हे अवर्षणग्रस्त गाव 1972 च्या दुष्काळानंतर खचलं होतं, माणसं मजुरीसाठी बाहेर पडत होती. 1989 साली पोपटराव पवार सरपंच झाले. मग गावानं श्रमदान केलं, कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी स्वीकारली; शेतीसाठी बोअर घेणंही थांबवलं. डोंगरात जनावरं सोडायची नाहीत, पण विळ्यानं गवत कापून भारा घरी न्यायला मुभा.

इथेच जुना प्रश्न उभा राहतो: स्वतःवर घातलेली बंदी ही बेडी की मोकळीक? ईशावास्योपनिषदाचा पहिला मंत्र त्यागातूनच उपभोग घ्यायला सांगतो. गांधीजींना तो फार मोलाचा वाटे. हा विचार आश्रमापुरता नाही, हे इथला डोंगर दाखवतो, असं ठामपणे म्हणावंसं वाटतं.

माथेरानमध्येही एक बंदी आहे: मोटारी दस्तुरी नाक्यावर थांबतात. पुढे बहुधा पायी किंवा घोड्यावर जायचं; पूर्वी हातरिक्षाही असत. गैरसोय खरीच. पण त्याच गैरसोयीमुळे तिथली झाडी कानांना ऐकू येते.

हिवऱ्यात चढ लागला की सायकलस्वार उतरून चालू लागतो. चरातल्या ओल्या मातीचा वास तेव्हा येतो.