घडी खातं

रात्रीचे अकरा. लालबागच्या चाळीत सायली लॅपटॉप मांडीवर घेऊन बसली होती. विमानाच्या सॉफ्टवेअरचा अहवाल सकाळी जायचा होता आणि एकच सही राहिली होती.

"अडलंय कुठे?" आबांनी कॉटवरून विचारलं. १९८२च्या संपापर्यंत ते गिरणीत साचा खात्यात कापड विणायचे.

"कोड मी लिहिलाय, म्हणून तपासायचा दुसऱ्याने. राहुल म्हणतो, वाचायला वेळ नाही, सही टाकतो. टाकू दे ना! मला ओळ न् ओळ पाठ आहे."

"बिघडला तर काय होईल गो?"

"त्यावरूनच पातळी ठरते, आबा. 'ई' बिघडली तर विमानाला काही होत नाही. 'ए' बिघडली तर विमान पडतं. 'डी'ला २६ गोष्टी सिद्ध करायच्या, 'ए'ला ७१."

"आणि तुझा?"

"ए."

पातळी ठरवणारीही माणसंच. बोइंग ७३७ मॅक्सचं नाक खाली दाबणाऱ्या यंत्रणेचा धोका सर्वात वरच्या पायरीचा धरलाच नव्हता. ती एकाच सेन्सरवर विसंबून होती. २०१८ आणि २०१९च्या दोन अपघातांत ३४६ माणसं गेली. सायलीला हे तोंडपाठ होतं. रात्री अकराला मात्र आठवत नव्हतं.

आबांनी ट्रंकेतून एक पांढरा तुकडा काढला. "हा माझ्या साच्यावरचा. खोट शोध."

तिने उलटसुलट पाहिला. काही दिसेना.

"मलाही दिसली नव्हती. दिवसभर डोळ्यांसमोरच होतं की कापड! घडी खात्यातल्या माणसाने उजेडावर धरलं आणि बोट ठेवलं. मला राग आला होता त्याचा."

तिने तुकडा ट्यूबलाइटसमोर धरला. एक उभा धागा नव्हता. हातभर लांब, केसाएवढी फट.

राहुलला फोन लागला तेव्हा तो झोपेत होता. "सही टाकू नकोस," ती म्हणाली, "आधी वाच." अहवाल हुकला, साहेबांची बोलणी दोघांनी मिळून खाल्ली.

पहिल्या दिवशी राहुलला काहीच सापडलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याचा फोन आला. "इथे तीन अटी आहेत. बाकीच्या दोन तशाच ठेवून तिसरी एकटीच बदलली, तर निकाल बदलतो का? ही चाचणी कुठे आहे?"

सायलीने यादी वरपासून खालपर्यंत पाहिली. मग खालपासून वर.

"नाहीये," ती म्हणाली.

आबा तुकड्याची घडी घालत होते.