मत देताना जन्म नव्हे, कर्म पाहा



६ नोव्हेंबर २०१२ रोजी अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक होती. बराक ओबामा यांना दुसऱ्यांदा निवडून द्यावे का, हा प्रश्न आपल्यापैकी येथले नागरिकत्व घेतलेल्या प्रत्येकासमोर होता. करमुक्त संस्था असल्यामुळे आपल्या संस्थेला कोणाचा प्रचार करता येत नाही. म्हणून कोणाला मत द्यावे, हे मी सांगणार नाही. मत ठरवताना आपण धम्माला धरून विचार करतो का, एवढेच तुमच्याबरोबर तपासून पाहायचे आहे.

सुरुवात माझ्यापासूनच करते. ८ नोव्हेंबर २०१० रोजी भारताच्या संसदेत बोलताना ओबामांनी डॉ. आंबेडकरांचे नाव घेतले. एक दलित माणूस स्वतःच्या बळावर वर आला आणि त्याने सर्व भारतीयांच्या हक्कांचे रक्षण करणारी घटना लिहिली, अशा अर्थाचे ते बोलले. माझे डोळे भरून आले आणि त्याच क्षणी माझे मत ठरून गेले. निवडणुकीला अजून दोन वर्षे होती! त्यानंतर त्यांनी काय केले, हे पाहण्याची गरजही मला वाटली नाही.

सिगालोवाद सुत्तात तथागतांनी चार अगती सांगितल्या आहेत: छंद, दोस, मोह आणि भय. आवड, द्वेष, मूढता किंवा भीती यांच्या आहारी गेला की माणूस चुकीचे कर्म करतो. माझी अगती छंदाची होती. दुसरीकडे द्वेषाची अगतीही आपण पाहिली. आपण याच देशात जन्मलो, हे दाखवण्यासाठी एप्रिल २०११ मध्ये राष्ट्राध्यक्षांना आपला जन्मदाखला प्रसिद्ध करावा लागला. जन्मावरून माणूस तोलण्याचा हा प्रकार आपल्याला चांगला ओळखीचा आहे. वसल सुत्त सांगते की माणूस जन्माने नव्हे, कर्माने नीच किंवा श्रेष्ठ ठरतो. पण हा नियम दोन्ही बाजूंनी लागू होतो. जन्मावरून कोणाला नाकारायचे नसेल, तर जन्मावरून किंवा एका गोड वाक्यावरून कोणाला डोक्यावरही घ्यायचे नाही. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत बाबासाहेबांनी बजावले होते की राजकारणातील भक्ती ही अधोगतीची आणि शेवटी हुकूमशाहीची वाट आहे. त्यांचे नाव घेणाऱ्याचीही भक्ती त्यात आलीच.

मग कर्म पाहू.

कूटदन्त सुत्तातील राजाला सल्ला मिळतो की शिक्षेने गुन्हे थांबणार नाहीत. शेतकऱ्याला बियाणे, व्यापाऱ्याला भांडवल आणि नोकराला वेतन दे. फेब्रुवारी २००९ मध्ये मंदीवर उपाय म्हणून ७८७ अब्ज डॉलरचा कायदा झाला, मोटार कंपन्यांना सावरले गेले. जानेवारी २००९ मध्ये बेकारी ७.८ टक्के होती, ऑक्टोबरपर्यंत ती १० टक्क्यांवर गेली आणि सप्टेंबर २०१२ मध्ये पुन्हा ७.८ वर आली. विरोधक म्हणाले, चार वर्षांनी आपण तिथेच आहोत. समर्थक म्हणाले, खड्ड्यातून वर आलो. आकडे तेच आहेत. आपण ते आवडीने वाचतो की विवेकाने, हे ज्याने त्याने पाहावे.

२३ मार्च २०१० रोजी आरोग्य विम्याचा कायदा झाला. त्यानुसार २०१४ पासून जुन्या आजाराचे कारण देऊन विमा नाकारता येत नाही. करुणा मनातच न राहता कायद्यात उतरली, असे मी याला म्हणेन.

आता दुसरे पारडे. ग्वांतानामोचा तुरुंग वर्षभरात बंद करण्याचा आदेश जानेवारी २००९ मध्ये निघाला. तो २०१२ मध्येही चालू होता आणि तिथे दीडशेहून अधिक माणसे होती. दर वर्षी सुमारे चार लाख लोकांना देशाबाहेर पाठवले गेले. ड्रोनचे हल्ले वाढले. १४ ऑक्टोबर हा दिवस आपण धम्मचक्र प्रवर्तनाचा म्हणून जाणतो. २०११ मध्ये त्याच तारखेला येमेनमध्ये ड्रोनच्या हल्ल्यात सोळा वर्षांचा एक मुलगा मारला गेला. तो अमेरिकन नागरिक होता. त्याच्यावर कोणताही खटला चालला नव्हता.

कोणी म्हणेल, राज्य चालवणाऱ्याला शस्त्र हातात घ्यावेच लागते. मान्य. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात बाबासाहेबांनीही मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत फरक केला आहे. पण गरज होती की नाही, हे कळण्यासाठी पुरावा कोणासमोर तरी यायला हवा. इथे तो न्यायालयासमोर आलाच नाही. २०१२ च्या तिसऱ्या वादचर्चेत मिट रॉम्नी यांनीही ड्रोनला पाठिंबाच दिला. म्हणून उमेदवार बदलल्याने हा प्रश्न सुटत नाही, आणि विरोधकही तसाच आहे म्हणून ओबामांचे हे कर्म धुतलेही जात नाही.

दोन्ही पारड्यांत वजन आहे. ज्याला एकच पारडे दिसते, त्याने अजून तोललेले नाही. मतदानाला निघण्यापूर्वी एक करून पाहा. ज्याला मत देणार, त्याचे एक अकुशल कर्म कागदावर लिहा. ज्याला नाकारणार, त्याचे एक कुशल कर्म लिहा. लिहिता आले नाही, तर चारपैकी एक अगती आपल्याला ओढते आहे असे समजा. लिहिता आले, तर निःशंक मनाने मत द्या. तो कागद मात्र फेकू नका. निवडून येईल त्याला पुढची चार वर्षे जाब विचारायला तो उपयोगी पडेल. माझा कागद लिहून झाला आहे, आणि त्यावर त्या मुलाचे वय लिहिले आहे.

भवतु सब्ब मंगलं. जय भीम!