पडलेली वाडी आणि उभी वाडी



३ जून २०२० हा दिवस कोकणकिनाऱ्यावरील माणूस विसरू शकत नाही. ईदुल फित्र होऊन जेमतेम नऊ दिवस झाले होते. टाळेबंदीमुळे त्या ईदची नमाजही आपण घरातच अदा केली होती. त्या दुपारी ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस रायगडच्या किनाऱ्यावर धडकले. ताशी ११० ते १२० किलोमीटर वेगाच्या वाऱ्याने मुरूड, दिवेआगर, श्रीवर्धन, हरिहरेश्वर, म्हसळा आणि बाणकोटच्या खाडीपलीकडील मंडणगड, दापोली या भागांत घरांची कौले व पत्रे उडवले, विजेचे खांब आडवे केले. कित्येक गावे अनेक आठवडे अंधारात राहिली. लोकांना वेळीच सुरक्षित स्थळी हलवल्यामुळे मनुष्यहानी मर्यादित राहिली, ही अल्लाहची कृपा. परंतु पिढ्यान्‌पिढ्या जोपासलेल्या नारळी-पोफळीच्या वाड्या काही तासांत भुईसपाट झाल्या.

दिव्य कुरआनच्या सूरह अल-बकरामध्ये अल्लाहने आपल्या दासांची परीक्षा कशाकशाने होईल हे सांगताना भय, भूक, संपत्ती आणि प्राण यांच्यासोबत फळांच्या हानीचाही स्वतंत्र उल्लेख केला आहे. ज्याने स्वतःच्या हाताने शिंपलेले झाड पडलेले पाहिले आहे, त्याला या एका शब्दाचे वजन समजावून सांगावे लागत नाही. त्याच ठिकाणी सब्र करणाऱ्यांना शुभवार्ता दिलेली आहे.

तथापि, अशा प्रत्येक आपत्तीनंतर काही जिभा फार लवकर सुटतात. ‘तिथल्या लोकांची कर्मेच तशी, म्हणून हा प्रकोप झाला,’ असे दूर सुरक्षित बसून बोलले जाते. बंधूंनो, हा निवाडा करण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला? आदरणीय प्रेषितांचा (स.) आदर्श पाहा. आकाशात ढग दाटले, वारा सुटला की त्यांच्या मुखावर चिंता उमटे. माननीय आयेशा (रजि.) यांनी कारण विचारले, तेव्हा त्यांनी आद समुदायाची आठवण दिली. त्या समुदायानेही ढग पाहून पावसाची आशा केली होती आणि त्यातूनच त्यांचा विनाश आला. लक्षात घ्या, प्रेषितांनी (स.) वाऱ्याकडे पाहून इतरांकडे बोट दाखवले नाही. त्यांनी अल्लाहकडे त्या वाऱ्यातील भलाई मागितली आणि त्यातील वाईटापासून आश्रय मागितला.

सूरह अल-कलममध्ये बागवाल्यांची कथा आहे. गरिबाला कळू न देता पहाटेच फळे तोडून आणायची, असा बेत करून ते झोपी गेले आणि रातोरात त्यांची बाग उद्ध्वस्त झाली. ही कथा ज्याची वाडी पडली आहे त्याच्या दारात जाऊन सांगण्यासाठी नाही. ज्याची वाडी आज उभी आहे, त्याने ती स्वतःला ऐकवायची आहे. माझ्या छपराखाली, माझ्या पगारात, माझ्या दुकानाच्या गल्ल्यात गरिबाचा वाटा आहे. तो मी देतो आहे का? पडलेली वाडी ही तिच्या मालकाची परीक्षा आहे आणि माझी उभी वाडी ही माझी परीक्षा आहे.

आणि ही परीक्षा पहिल्या पंधरवड्यात संपत नाही. वादळानंतर तांदूळ, मेणबत्त्या, ताडपत्र्या घेऊन अनेक लोक धावून गेले. अल्लाह त्यांना उत्तम मोबदला देवो. परंतु ताडपत्री एक पावसाळा भागवते, तर पोफळीचे रोप फळाला यायला पाच-सात वर्षे लागतात. मधल्या वर्षांत चूल कशावर पेटावी? जखम भरण्याआधीच मे २०२१ मध्ये ईदनंतर दोन-तीन दिवसांत ‘तौक्ते’ वादळ याच किनाऱ्याजवळून गेले. मदतीच्या गाड्या थांबल्यानंतरही हात पसरणे ज्यांच्या स्वाभिमानाला जमत नाही, अशी घरे प्रत्येक मोहल्ल्यात असतात. कुरआनने अशाच न मागणाऱ्यांना ओळखण्यास सांगितले आहे.

म्हणून मुंबईत किंवा आखातात नोकरी करणाऱ्या आपल्या बांधवांना विनंती आहे. गावी फोन कराल तेव्हा केवळ स्वतःच्या घराच्या पत्र्याची चौकशी करू नका. शेजारच्या वाडीचीही करा. कोणाला कर्जे हसना द्या, कोणाला रोपे द्या, कोणाच्या मुलाची फी भरा. शेजारी मुस्लिम आहे की हिंदू, कोळी आहे की कुणबी, हे विचारू नका. वाऱ्याने ते विचारले नव्हते.

आणि ज्यांची झाडे पडली त्यांनी निराश होऊ नये. सब्र म्हणजे हात बांधून बसणे नव्हे. प्रलयाची घडी आली आणि हाती रोप असले, तरी शक्य असल्यास ते लावावे, अशी प्रेषितांची (स.) शिकवण आहे. मुस्लिमाने लावलेल्या झाडाचे फळ माणसाने, पक्ष्याने वा जनावराने खाल्ले, तर तोही त्याच्यासाठी सदका ठरतो. आज लावलेल्या माडाचे शहाळे कदाचित आपण पिणार नाही. पण ते कोणीतरी पिईल आणि त्याचा हिशेब अल्लाहपाशी आपल्या नावे लिहिला जाईल.

हे अल्लाह, आमच्या किनाऱ्यांचे रक्षण कर. ज्यांचे गेले त्यांना त्याहून उत्तम दे आणि ज्यांचे राहिले त्यांना देणारे हात दे. आमीन.