अठ्ठेचाळीस

मतमोजणीची रात्र भारतात नसतेच. तिकडे सकाळी आठला टपाली मतांपासून मोजणी सुरू होते आणि दुपारच्या जेवणापर्यंत बहुतेक चित्र स्पष्ट होतं. रात्र होते ती आमची. न्यू जर्सीत तेव्हा आदल्या दिवसाचे रात्रीचे साडेदहा वाजलेले असतात.

२००४ च्या मे महिन्यात मी इथे नवा होतो. वाजपेयी सरकार परत येणार असं चाचण्या सांगत होत्या, आणि कल भलतीकडेच चालले होते. पहाटेपर्यंत संगणकासमोरून हललो नाही. आपण जागे आहोत म्हणजे अजून तिथलेच आहोत, असं तेव्हा मनापासून वाटलं होतं.

२०१४ ला एडिसनमध्ये मित्राच्या तळघरात आम्ही तीसेक जण जमलो. पहाटे दोनला पोहे झाले, भाजप २८२ वर गेला. काही जण नाचले, काही गप्प झाले आणि सकाळी सगळे आपापल्या ऑफिसात गेले. ते मला लागलं. या निकालाने आमच्यापैकी कुणाच्या शेतमालाचा भाव बदलणार नव्हता, कुणाच्या नळाचं पाणी अडणार नव्हतं. मग हा कौल आमचा कसा?

पासपोर्ट भारतीय असेल तर परदेशस्थालाही मत आहे, हे कायद्याने २०११ पासून मान्य केलंय. पण त्यासाठी आपल्या गावच्या केंद्रावर स्वतः जावं लागतं. मित्रांना ही अट जाचक वाटे. प्रतिनिधीमार्फत मतदानाचं विधेयक २०१८ मध्ये लोकसभेत मंजूर झालं, राज्यसभेत अडकलं आणि पुढच्या वर्षी लोकसभेबरोबरच बारगळलं. मला त्याचं दुःख झालं नाही. निकालाबरोबर ज्याला राहायचंय त्यानेच मत द्यावं, या मतावर मी ठाम होतो. नावही नोंदवलं नाही.

२० मे २०२४. गोरेगावात आई भर उन्हात दोन तास रांगेत उभी होती. चौऱ्याहत्तर वर्षांची. शाई लावलेल्या बोटाचा फोटो तिने पाठवला; नखाच्या कडेला शाई ओघळली होती, आणि मागे भिंतीला टेकवलेली तिची काठी दिसत होती.

४ जूनला तिच्या मतदारसंघाचा, मुंबई उत्तर-पश्चिमचा, निकाल काही केल्या लागेना. आघाडी इकडून तिकडे जात होती. निकाल आला तेव्हा इथे सकाळ उलटून चालली होती. रवींद्र वायकर ४,५२,६४४, अमोल कीर्तिकर ४,५२,५९६. फरक ४८ मतांचा.

मी कुणाला मत दिलं असतं हा मुद्दाच नाही. आमच्या सोसायटीत चौसष्ट बिऱ्हाडं आहेत. मी मनातल्या मनात जिना चढू लागलो. तळमजल्यावरची दोन्ही मुलं सिडनीला. पहिल्या मजल्यावरची टोरांटोत. समोरच्यांची लेक दुबईत. मग आमचं दार. तिसऱ्या मजल्यापर्यंत एकोणीस झाले, तिथे थांबलो.

त्या निवडणुकीत सुमारे १.२ लाख परदेशस्थांची नावं यादीत होती. प्रत्यक्ष मत द्यायला आले तीन हजारांच्याही आत, आणि त्यातले बहुतेक केरळचे. केरळची माणसं मोठ्या संख्येने आखातात कमवतात. अनेकांची बायको, मुलं, अर्धं बांधलेलं घर, कर्जाचा हप्ता, सगळं गावाकडेच असतं. अशा माणसाचं गाव सुटलेलं नसतं. निकालाबरोबर त्यालाही राहायचंच असतं. माझं तत्त्व मी फक्त माझ्यासारख्यांकडे पाहून बांधलं होतं. आणि माझी तरी आई तिथेच होती की!

त्या दिवशी तिला फोन केला. ती म्हणाली, ‘अठ्ठेचाळीस म्हणजे आपली एक विंगसुद्धा नाही रे.’

परदेशस्थ मतदार म्हणून नाव नोंदवण्याचा नमुना ६-अ मी गेल्या महिन्यात भरला. त्यात पासपोर्टवरचा भारतातला पत्ता लिहावा लागतो. माझ्या पासपोर्टवर अजून तेच घर आहे, दुसरा मजला, जिन्याच्या उजव्या हाताला.